राखीव फौज उत्तरेला गेली: लॉयटनची लढाई, ५ डिसेंबर १७५७

लढाईच्या आदल्या दिवशी प्रशियाच्या स्वारांनी नॉयमार्क्ट हे छोटं गाव घेतलं. तिथे त्यांना शत्रूचे शिपाई थोडेच सापडले, पण भट्ट्या मात्र सापडल्या. ऑस्ट्रियन लष्कराचा भटारखाना तिथे लागलेला होता आणि पावाचा सुमारे ८०,००० शिधा भाजून तयार होता. राखणीला काही क्रोएशियन शिपाई होते, तेवढेच. मुख्य फौज अजून मागे होती, नदी ओलांडत होती. पंगतीचे पाहुणे यायच्या आधी आचारी पुढे जातात, तसा हा प्रकार. वाटेत कुणी आडवं येईल असं त्या फौजेच्या सेनापतींच्या मनातही आलं नव्हतं, हे त्या पावाच्या ढिगाऱ्यावरून स्पष्ट दिसतं.

दुसऱ्या दिवशी, ५ डिसेंबर १७५७ ला, याच फौजेचा लॉयटन गावाजवळ धुव्वा उडाला. संख्येने ती शत्रूच्या जवळजवळ दुप्पट होती. ही लढाई बहुतेक ठिकाणी प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या अंगाने सांगितली जाते, आणि ते साहजिक आहे. जिंकणाऱ्याची गोष्ट सांगायला सोपी असते. मला मात्र हे प्रकरण हरलेल्या छावणीतून वाचावंसं वाटतं. त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास ऑस्ट्रियन मुख्यालयापुढे एकच खरा प्रश्न होता: हाताशी असलेली राखीव फौज कुठल्या टोकाला पाठवायची? उत्तर चुकलं. ते का चुकलं, यातच मला रस आहे.

त्या वर्षीचे तीन वळसे

सात वर्षांचं युद्ध १७५६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. फ्रेडरिकने सॅक्सनीवर चाल केली आणि ऑस्ट्रिया, फ्रान्स, रशिया असे तिघेही त्याच्यावर उलटले. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाला सायलेशिया हा सुपीक, श्रीमंत प्रांत परत हवा होता. १७४० मध्ये ती गादीवर आली आणि फ्रेडरिकने लगोलग तो बळकावला होता.

१७५७ चं वर्ष फ्रेडरिकला चढउताराचं गेलं. ६ मे रोजी प्राग शहराबाहेर त्याने ऑस्ट्रियनांना हरवलं आणि शहराला वेढा घातला. १८ जूनला कोलीन इथे त्याने पहिला मोठा पराभव खाल्ला. (आपल्याकडे प्लासी झाली ती बरोबर पाच दिवसांनी, २३ जूनला. त्याच युद्धाचं दुसरं टोक बंगालपर्यंत आणि पुढे दक्षिणेतल्या इंग्रज-फ्रेंच झटापटींपर्यंत पोचलं होतं.) ५ नोव्हेंबरला रोसबाख इथे त्याने सुमारे २२,००० माणसांनिशी फ्रेंच आणि पवित्र रोमन साम्राज्याच्या (जर्मन संस्थानांच्या) ४१,००० च्या फौजेला दीड तासात पळवलं.

कोलीन आणि रोसबाख या दोन लढायांकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण लॉयटनची किल्ली तिथे आहे. कोलीनला फ्रेडरिक ऑस्ट्रियन फौजेच्या समोरून आडवा चालत तिच्या उजव्या बगलेवर जाऊ पाहत होता. ऑस्ट्रियाचा सेनापती काउंट डाऊन टेकड्यांवर उभा होता आणि खाली उन्हात चाललेली प्रशियन रांग त्याला लख्ख दिसत होती. तो नुसता आपल्या पलटणी त्याच दिशेला सरकवत गेला. फ्रेडरिक वळसा पुरा करून पोचला तेव्हा समोर बगल नव्हती, पुन्हा भरलेली फळीच होती. रोसबाखला नेमकं उलट घडलं. तिथे वळसा फ्रेंच घालत होते आणि पाहत होते प्रशियन. गावातल्या वाड्याच्या माळ्यावरून एका अधिकाऱ्याने शत्रूची रांग वळताना पाहिली. जेवायला बसलेल्या राजाला आधी ते खरं वाटेना, मग पटलं. टेकडीच्या आडून झाइडलिट्झचं घोडदळ पुढे नेऊन त्याने चालत्या रांगेच्या तोंडावरच घाव घातला.

एका वर्षात दोन वळसे घालून झाले. दोन्ही वेळा वळणारा दिसला, म्हणून हरला. शत्रूच्या बगलेवर जाण्याची कल्पना कुणालाही सुचते, ती ग्रीकांपासून चालत आलेली आहे. अवघड असतं ते वळताना न दिसणं. फ्रेडरिकला हे एकदा मार खाऊन आणि एकदा मार देऊन कळलं होतं.

दोन सेनापती, एक तंबू

नोव्हेंबरात फ्रेडरिक पश्चिमेला फ्रेंचांशी गुंतलेला असताना ऑस्ट्रियाने सायलेशियात मुसंडी मारली. श्वाइडनिट्झचा किल्ला पडला. २२ नोव्हेंबरला ब्रेस्लाऊ शहराबाहेर प्रशियाचा बेव्हर्नचा ड्यूक हरला, दोनच दिवसांत पकडला गेला आणि सायलेशियाच्या राजधानीचं ते शहर ऑस्ट्रियाच्या हाती आलं. प्रांत परत मिळाल्यातच जमा होता. हिवाळा तोंडावर आलेला. युरोपातल्या फौजा त्या काळी डिसेंबरात सहसा लढत नसत, गावोगाव मुक्काम टाकून वसंताची वाट बघत.

ऑस्ट्रियन फौजेचा मुख्य होता लोरेनचा राजपुत्र चार्ल्स. मारिया थेरेसाच्या नवऱ्याचा हा सख्खा भाऊ, आणि त्याची दिवंगत बायको म्हणजे मारिया थेरेसाची बहीण. नातं दुहेरी, त्यामुळे हात धरणारं कुणी नाही. फ्रेडरिकशी तो १७४२ मध्ये खोटुझिट्झला, १७४५ मध्ये होहेनफ्रीडबर्ग आणि झोर इथे आणि १७५७ मध्ये प्रागला लढला. चारही वेळा हरला. त्याच्या हाताखाली दुसऱ्या क्रमांकावर होता डाऊन, म्हणजे कोलीनला फ्रेडरिकला हरवणारा तोच. गंमत अशी की कोलीनची लढाई झाली तेव्हा चार्ल्स प्रागच्या वेढ्यात अडकून पडला होता आणि डाऊनच्या विजयामुळेच सुटला होता. सोडवणारा दुय्यम, सुटलेला वरिष्ठ. दरबारी फौजांमध्ये असं चालायचं, आणि दरबारी फौजांपुरतंच चालतं असंही म्हणता यायचं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला प्रश्न आला: ब्रेस्लाऊजवळच्या पक्क्या ठाण्यात, लोहे नदीमागे बसून राहायचं की पुढे जाऊन फ्रेडरिकला हुसकावून लावायचं? डाऊनचा कल सावधपणाकडे होता. बाकीच्यांना, विशेषतः घोडदळाचा सरदार लुकेझे याला, थांबणं कमीपणाचं वाटत होतं. फ्रेडरिकच्या छोट्या फौजेला ऑस्ट्रियन छावणीत ‘बर्लिनची पहाऱ्याची कवायत’ असं हिणवलं जात असे. चार्ल्सने पुढे जायचं ठरवलं. नदी ओलांडायचा हुकूम झाला आणि भटारखाना त्याच्याही पुढे रवाना झाला.

फ्रेडरिक मात्र १३ नोव्हेंबरला लाइपझिगहून निघून पंधरवड्यात सुमारे ३०० किलोमीटर तुडवत पार्शविट्झला पोचला होता. सोबत १३,००० च्या आसपास माणसं. ब्रेस्लाऊला हरलेल्या फौजेचे उरलेले लोक घेऊन त्याचा घोडदळाचा सरदार त्सीटन त्याला २ डिसेंबरला येऊन मिळाला. सगळे मिळून सुमारे ३५,०००. ग्लोगाऊच्या किल्ल्यातून त्याने दहा जड तोफाही ओढून आणल्या होत्या, ज्यांना शिपाई त्यांच्या घुमणाऱ्या आवाजावरून ‘ब्रुमर’ म्हणत.

३ डिसेंबरला त्याने आपल्या सरदारांना बोलावलं. फ्रेडरिक एरवी फ्रेंचमध्ये लिहायचा-बोलायचा, त्या दिवशी तो जर्मनमध्ये बोलला. युद्धशास्त्राचे सगळे नियम मोडून मी शत्रूवर जाणार आहे, ज्याला यायचं नसेल त्याने आत्ताच रजा घ्यावी, राग धरणार नाही, असा त्याचा आशय होता. पुढे त्याने शिक्षाही सांगून टाकली. हुकूम मिळताच जी घोडदळाची पलटण तुटून पडणार नाही तिचे घोडे काढून घेऊ आणि तिला किल्ल्याच्या पहाऱ्याला बसवू. जी पायदळाची पलटण कचरेल तिचे निशाण, तलवारी आणि अंगावरच्या गणवेशाची किनारसुद्धा काढून घेऊ. मरणाची धमकी त्यात कुठेच नाही, अब्रूची आहे. त्या श्रोत्यांना कुठली जास्त लागेल हे त्याला बरोबर माहीत होतं.

मैदान

लॉयटन आज पोलंडमध्ये आहे, नाव लुतिनिया. ब्रेस्लाऊ म्हणजे आजचं व्रोत्स्वाफ, तिथून पश्चिमेला थोड्याच अंतरावर. प्रदेश सपाट, शेतीचा. मधूनमधून नजर अडवण्यापुरत्या उंचीचे उंचवटे.

ऑस्ट्रियन फौज पश्चिमेकडे तोंड करून उत्तर-दक्षिण पसरलेली होती. उत्तरेला निपर्न, मध्ये लॉयटन, दक्षिणेला झागशुट्झ. एकूण लांबी सुमारे आठ किलोमीटर, माणसं सुमारे ६५,०००, तोफा २१०. उजव्या म्हणजे उत्तरेच्या फळीवर लुकेझे. तिथे पुढे झाडी आणि दलदल असल्यामुळे तिकडून मोठा हल्ला येणं खरं तर कठीण होतं. डाव्या फळीवर हंगेरियन सरदार नादाश्दी. त्याचं टोक कुठल्याच नदीला, दलदलीला टेकलेलं नव्हतं, उघड्यावर लोंबकळत होतं. शिवाय त्या टोकाला व्युर्टेम्बर्ग आणि बव्हेरियाचे शिपाई उभे केलेले. व्युर्टेम्बर्गचे लोक प्रोटेस्टंट, कॅथलिक ऑस्ट्रियासाठी प्रोटेस्टंट प्रशियाशी लढायला नाखूष. त्याच वर्षी उन्हाळ्यात स्टुटगार्टमध्ये त्यांनी बंडही केलं होतं. सगळ्यात कच्चा दुवा सगळ्यात उघड्या टोकाला: हा दोष त्या सकाळचा नाही, आदल्या संध्याकाळचा आहे.

आणि एक गोष्ट. ब्रेस्लाऊ इतकी वर्षं प्रशियाकडे होतं. शांततेच्या काळात फ्रेडरिकने याच शिवारात आपल्या फौजेच्या सरावाच्या लढाया घेतल्या होत्या. कुठल्या उंचवट्यामागे किती माणसं झाकली जातात हे त्याला नकाशावाचून ठाऊक होतं.

पहाटे डोळे गेले

थंडी होती, जमीन गोठलेली, वर बर्फाचा पातळ थर, सकाळी धुकं. बोर्न गावाजवळ प्रशियन बिनीला समोर स्वारांची एक रांग दिसली. ही ऑस्ट्रियाच्या मुख्य फळीची बाजू आहे की पुढे ठेवलेली टेहळणीची तुकडी, हे धुक्यात कळेना. ती निघाली सॅक्सन सरदार नॉस्टिट्झची पुढची तुकडी. प्रशियन घोडदळ तुटून पडलं, काहीशे कैदी मिळाले, नॉस्टिट्झ प्राणघातक जखमी झाला. कैद्यांना मुद्दाम मागून येणाऱ्या प्रशियन रांगांच्या समोरून चालवत नेलं, लोकांचा धीर वाढावा म्हणून.

लढाईच्या वर्णनांत बोर्नची चकमक दोन ओळींत उरकतात. मला ती दिवसाची निम्मी लढाई वाटते. नॉस्टिट्झची तुकडी म्हणजे ऑस्ट्रियन फौजेचे डोळे होते. ते सकाळीच फुटले आणि त्यांच्या जागी दुसरे कुणी पुढे पाठवले गेले नाहीत. यापुढे मुख्यालयाला जे दिसणार ते आपल्या फळीवरून, उंचवट्यांच्या अलीकडचंच दिसणार. फ्रेडरिकला याच चकमकीने बोर्नपुढची टेकडी मिळवून दिली. धुकं विरल्यावर तिथून त्याला निपर्नपासून झागशुट्झपर्यंतची सगळी ऑस्ट्रियन रांग एका नजरेत दिसली. एकाला सगळं दिसतंय, दुसऱ्याला काहीच नाही, अशी दोघांची स्थिती सकाळीच ठरून गेली.

साडेअकरा

बोर्नहून पळालेल्यांचा पाठलाग करत प्रशियन बिनी ऑस्ट्रियाच्या उजव्या फळीसमोर आली. लुकेझेला आपल्या समोर शत्रूचे स्वार दिसले, त्यांच्यामागे फौजेच्या रांगांची तोंडं दिसली. त्याने निरोप धाडला: हल्ला माझ्यावर येतोय, कुमक पाठवा. पहिल्यांदा नकार मिळाला. त्याने पुन्हा माणूस पाठवला. शेवटी, कुमक आली नाही तर परिणामांची जबाबदारी माझी नाही, इतपत तो बोलला असं सांगतात.

राखीव फौज उत्तरेला निघाली. डाव्या फळीवरचं काही घोडदळही तिकडेच खेचलं गेलं. मुख्यालयाचं लक्षही सगळं उत्तरेला लागलं.

इथे लुकेझेला मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण त्याने जे पाहिलं ते खोटं नव्हतं. शत्रूच्या रांगा खरोखर त्याच्या रोखाने येत होत्या. जबाबदारीची भाषा ऐकल्यावर वरिष्ठ नमतो, हेही काही नवं नाही; कार्यालयात ‘मग पुढचं तुम्ही बघा’ अशी लेखी ओळ आली की भलेभले सही करतात. खरी चूक पुढची आहे. समोरच्या रांगा थोड्या वेळाने दिसेनाशा झाल्या. फौज उजवीकडे वळून टेकड्यांमागे गेली होती. मुख्यालयाने याचा अर्थ लावला तो असा की शत्रू लढाई टाळून निघून चालला आहे. ‘भले लोक सटकतायत, जाऊ दे त्यांना सुखाने’ असं डाऊन म्हणाल्याची गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. तो नेमकं तसं म्हणाला असो वा नसो, वागणूक त्या वाक्याला धरूनच झाली. कोलीनला ज्या माणसाने शत्रूच्या प्रत्येक पावलाबरोबर आपलं पाऊल टाकलं, त्याच माणसाने सहा महिन्यांनी शत्रू दिसेनासा झाल्यावर एक तुकडीही मागावर पाठवली नाही. कोलीनला त्याच्याकडे टेकडी होती. इथे नव्हती, आणि नाहीये याची त्याला रुखरुखही वाटली नाही.

टेकड्यांमागे

त्या वेळी टेकड्यांच्या पलीकडे काय चाललं होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. चार ओळींत आलेली प्रशियन फौज आता दोन लांब रांगांत दक्षिणेला चालली होती. फ्रेडरिक स्वतः उंचवट्याच्या कण्यावरून घोडा चालवत होता. एका बाजूला खाली आपली फौज, दुसऱ्या बाजूला शत्रूची.

त्या काळच्या कवायतीत चालत्या रांगेतल्या प्रत्येक तुकडीने पुढच्या तुकडीपासून नेमकं आपल्या रुंदीइतकं अंतर ठेवायचं असतं. मग हुकूम मिळाला की प्रत्येक तुकडी काटकोनात वळते आणि लांबलचक रांगेची क्षणात एकसंध फळी होते. अंतर कमी पडलं तर माणसं एकमेकांवर आदळतात, वाढलं तर फळीला भोकं पडतात. २६ जानेवारीला शाळेच्या संचलनात कोपऱ्यावर वळताना मुलांच्या रांगा कशा चेपतात आणि मग मागची मुलं धावत अंतर कसं भरतात, ते आठवा. तेही सपाट मैदानावर, दहा मिनिटांत. इथे हजारो माणसं गोठलेल्या नांगरटीतून, बंदुका आणि तोफा घेऊन दीड-दोन तास चालली आणि पाहणाऱ्यांच्या म्हणण्यानुसार अंतरं कवायतीसारखी टिकली. प्रशियन शिपायाला वर्षानुवर्षं छडी खाऊन जे शिकवलं गेलं, त्याचं मोल या एका चालीत वसूल झालं. छडी विसरून कौतुक करणाऱ्यांचं मला पटत नाही, पण चाल अजोड होती हे नाकारता येत नाही.

इकडे नादाश्दीला धोका कळला. त्याच्या टोकासमोर शत्रू उगवत होता आणि तो मुख्यालयाकडे निरोपांवर निरोप पाठवत होता. म्हणजे माहिती नव्हती असं नाही. दोन्ही टोकांकडून ‘इकडे या’ अशी हाक आली. लुकेझेची आधी आली आणि तिला मान दिला गेला. एकदा कुमक धाडली की ती चुकीच्या ठिकाणी धाडली असं दोन तासांत कबूल करायला मोठं मन लागतं. आणि कबूल केलं असतं तरी काय? आठ किलोमीटर शेतं तुडवत पायदळाला उलटं यायला तितकाच वेळ लागला असता.

एक ते साडेतीन

एकच्या सुमारास प्रशियन फळी झागशुट्झपाशी डावीकडे वळली आणि चालून आली. ही प्रसिद्ध ‘तिरकी मांडणी’. सगळ्यात उजवीकडची पलटण पुढे, तिच्या डावीकडची पन्नास पावलं मागे, तिच्या डावीकडची आणखी पन्नास पावलं मागे. अशी जिन्याच्या पायऱ्यांसारखी. वीस पलटणी असतील तर शेवटची जवळजवळ हजार पावलं मागे राहते. यात कोलीनचा धडा होता. कोलीनला मधल्या पलटणी अधीरपणे वेळेआधी भिडल्या आणि सगळी योजना फसली होती. इथे डावीकडच्यांना मनात आलं तरी लवकर भिडता येणार नव्हतं, अंतरच तेवढं होतं.

वेडेलच्या पुढच्या तीन पलटणी आणि मागे देसाऊचा राजपुत्र मोरिट्झ. ब्रुमर तोफा त्यांच्याबरोबर टेकडीवरून टेकडीवर ओढल्या जात होत्या. व्युर्टेम्बर्गवाल्यांनी काही काळ मारा केला, मग ते मोडले आणि पळताना शेजारच्या बव्हेरियनांनाही घेऊन गेले. नादाश्दीने घोडदळ घालून त्सीटनच्या स्वारांना सुरुवातीला मागे रेटलं, पण बाजूच्या पायदळाच्या गोळीबारापुढे त्याचं चाललं नाही. डावी फळी गुंडाळली जाऊ लागली.

चार्ल्सने आपली सगळी फौज पश्चिमेकडून दक्षिणेकडे वळवायचा प्रयत्न केला. उत्तरेला गेलेल्या पलटणी धापा टाकत परत येऊ लागल्या आणि लॉयटनच्या आसपास एकमेकांच्या मागे साचत गेल्या. तीन ओळींनी उभं राहून लढायची ही फौज, पण काही ठिकाणी माणसं तीस-तीस, शंभर-शंभर खोल उभी होती. मागच्याला बंदूक उडवता येत नव्हती आणि प्रशियन तोफेचा प्रत्येक गोळा मात्र कुणाला ना कुणाला लागत होता.

लॉयटनच्या चर्चभोवती दगडी भिंत होती. आत व्युर्झबर्गची पलटण ठाण मांडून बसली आणि त्या दिवशी ऑस्ट्रियाच्या बाजूने सगळ्यात चिवट लढली ती तीच. प्रशियाच्या राजरक्षकांची पलटण फाटकापाशी येऊन थबकली. पलटणीचा प्रमुख घुटमळला तेव्हा म्योलेनडॉर्फ नावाचा कप्तान पुढे झाला, फाटक फोडलं गेलं आणि तो आधी आत शिरला. हाच म्योलेनडॉर्फ पुढे फील्ड मार्शल झाला. १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशियाची फौज मोडली तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा म्योलेनडॉर्फ जखमी होऊन फ्रेंचांच्या कैदेत पडला. लॉयटनची कवायत पन्नास वर्षं जशीच्या तशी जपणाऱ्या फौजेचं काय झालं, ते त्याने एका आयुष्यात दोन्ही टोकांनी पाहिलं.

लुकेझेची शेवटची संधी

चर्च पडलं तरी लढाई संपली नव्हती. चारच्या सुमारास, उजेड जाता जाता, लुकेझेला अखेर कळलं की आपल्यापुढे कुणीच नाही आणि शत्रूची डावी बगल आपल्यासमोर उघडी आहे. त्याने आपलं घोडदळ उचललं आणि तिच्यावर घातलं. कल्पना अचूक होती. ती साधली असती तर आज आपण दुसरीच गोष्ट वाचत असतो.

पण राडाक्सडॉर्फ गावामागच्या खोलगट जागेत द्रीझनचं प्रशियन घोडदळ सकाळपासून याच क्षणासाठी ठेवलेलं होतं. ते लुकेझेला दिसलं नाही. ‘बायरॉइट ड्रॅगन’ या पलटणीचे स्वार समोरून आणि बाकीचे बाजूने तुटून पडले. लुकेझे तिथेच मारला गेला, त्याचे स्वार उधळले आणि उधळताना स्वतःच्याच पायदळात घुसले. सगळी ऑस्ट्रियन फौज नदीकडे धावत सुटली. सकाळी ज्याला नसलेला हल्ला दिसला, त्याला संध्याकाळी असलेला दिसला नाही. दोन्ही वेळा मध्ये एक मामुली उंचवटा होता.

प्रशियाची सुमारे ६,४०० माणसं मेली वा जखमी झाली. ऑस्ट्रियाचं नुकसान २२,००० च्या घरात. त्यातले सुमारे १२,००० कैदी. शंभराहून अधिक तोफा गेल्या. फ्रेडरिक त्याच रात्री थोडी माणसं घेऊन लिसाच्या पुलाकडे निघाला, पूल शत्रूच्या हाती राहू नये म्हणून. तिथल्या वाड्यात शिरला तर ऑस्ट्रियन अधिकारी जिन्यावर. ‘नमस्कार मंडळी, मी इथे येईन असं वाटलं नव्हतं ना?’ अशा अर्थाचं तो फ्रेंचमध्ये बोलला, असा किस्सा आहे. मागे अंधारात चालणाऱ्या शिपायांनी देवाचे आभार मानणारं स्तोत्र म्हटल्याची कथा तर जर्मनीत पाठ्यपुस्तकी झाली. तिला पुढच्या काळात बरीच पॉलिश चढलेली आहे, एवढं लक्षात ठेवून ती ऐकावी.

ब्रेस्लाऊमध्ये अडकलेल्या सुमारे १७,००० माणसांनी डिसेंबर संपायच्या आत शस्त्रं ठेवली. चार्ल्सला सेनापतीपदावरून काढून ब्रुसेल्सला परत कारभारी म्हणून धाडलं. फौज डाऊनच्या हाती आली, आता वर कुणी नाही.

दहा महिन्यांनी

या प्रकरणाला मी एक पुरवणी नेहमी जोडतो. १७५८ च्या ऑक्टोबरात सॅक्सनीतल्या होखकिर्ख गावी फ्रेडरिकने डाऊनच्या डोळ्यांदेखत, अगदी तोफेच्या टप्प्यात तळ टाकला. वर टेकड्यांवर ऑस्ट्रियन, खाली तो. त्याचा म्हातारा स्कॉटिश सरदार कीथ म्हणाला, अशा तळावर ऑस्ट्रियनांनी आपल्याला स्वस्थ बसू दिलं तर ते फाशीच्या लायकीचे आहेत. राजाने उत्तर दिलं, त्यांना फाशीपेक्षा आपली भीती जास्त आहे. डाऊन सावध माणूस, तो हल्ला करत नसतो, याची फ्रेडरिकला खात्री होती. समोरच्या जंगलात ऑस्ट्रियन झाडं तोडत असल्याचे आवाज येत, म्हणजे ते स्वतःच आडोसे बांधतायत, असा त्याने अर्थ लावला.

१३ ऑक्टोबरच्या रात्री ऑस्ट्रियन तंबू जागच्या जागी उभे होते, शेकोट्या पेटलेल्या होत्या, झाडं तोडणाऱ्यांचा आवाज चालू होता. डाऊनच्या रांगा तेवढ्यात जंगलातून वळसा घालून प्रशियन तळाच्या उजव्या बगलेला येऊन पोचल्या. पहाटे होखकिर्खच्या चर्चच्या घड्याळात पाचचे ठोके पडले आणि त्या आत घुसल्या. त्सीटनने आपल्या घोड्यांची खोगीरं रात्रभर उतरवू दिली नव्हती, म्हणून घोडदळ तेवढं वेळेवर उभं राहिलं. कीथ मारला गेला. लॉयटनला पायदळ घेऊन गेलेला मोरिट्झ जखमी होऊन कैद झाला. प्रशियाने सुमारे ९,००० माणसं गमावली आणि १०१ तोफा तिथेच सोडल्या.